माझ्याकडं तर चालतंय

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला अजूनही ती सकाळ आठवते. औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं आणि तो वास जिन्यानं वर यायचा. एका कॉलेजच्या प्रवेशअर्जाची वेबसाइट मी केली होती. पानाला लागणाऱ्या फायली ब्राउझरनं कुठून उचलायच्या, ते पत्ते एका यादीत लिहावे लागतात. ती यादीही माझीच. सकाळी अर्ज सुरू झाले आणि कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला, "मॅडम, पान कोरंच दिसायलंय. पोरं रांगेत उभी हायत." मी ऑफिसातल्या चारही कॉम्प्युटरवर पाहिलं, अर्ज व्यवस्थित उघडत होता. "माझ्याकडं तर चालतंय. तुमचं नेट खराब असंल," मी म्हणाले. तिसऱ्या फोनलाही मी तेच सांगितलं. तेवढ्यात आमचे सर उठले, त्यांनी माझा कॉम्प्युटर बंद केला आणि बाकीच्या तिन्हींवर पान रिफ्रेश केलं. तिन्ही कोरी! काम करताना सोयीसाठी त्या यादीत मी माझ्याच कॉम्प्युटरचा पत्ता टाकला होता आणि तो बदलायचा राहिला होता. ऑफिसातले सगळे माझ्याकडूनच फायली घेत होते. तो पत्ता ऑफिसच्या नेटवर्कपुरताच, बाहेरच्यांना तो सापडणार कसा? दोन मिनिटांत मी तो बदलला. सर एवढंच म्हणाले, "आता त्यांना फोन लाव, अन् तुमचं नेट चांगलंय म्हणून सांग." तो फोन लावणं मात्र सगळ्यांत जड गेलं. आज माझ्या हाताखाली चार जण आहेत. कुणी "माझ्याकडं तर चालतंय" म्हणालं, की मी गुपचूप उठते आणि त्याचा कॉम्प्युटर बंद करते.