उघड्यावर ठेवलेली टरबुजाची रोपं

नेकनूरच्या शहादेवाच्या रोपवाटिकेतली रोपं म्हणजे खात्रीची, असं आसपासच्या गावांत बोललं जाई. ते ऐकून ऐकून गड्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती. कोबीची रोपं विकण्याआधी तो तीन रात्री शेडनेटच्या आडोशाबाहेर, उघड्यावर ठेवी, म्हणजे ती कणखर होत. यंदा ऐन पौषाच्या कडाक्यात त्यानं टरबुजाच्या रोपांनाही तोच न्याय लावला.

दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या भिवराबाईनं ती विकत नेली तेव्हा हिरवीगार होती. यंदा ऊसतोडीला जायचं नाही, टरबूज लावायचं, असा हट्ट तिनं नवऱ्याजवळ धरला होता. लावल्यावर दोनच दिवसांत, ऊन तापताच, रोपांनी माना टाकल्या. ती विचारायला आली, तर शहादेवानं भर बाजारात तिलाच फैलावर घेतलं.

"पाणी देता येत न्हाई, अन् नावं माझ्या रोपांला?"

बाई आल्या वाटेनं परत गेली.

शहादेवाची लेक करिष्मा शेतकी कॉलेजात शिकते. तिला राहवेना. शेडमध्येच राहिलेल्या आणि बाहेर काढलेल्या रोपांची सारखीच पानं तिनं सकाळी फिल्टरच्या पाण्याच्या दोन पेल्यांत बुडवली. दुपारी खताच्या पाण्यातले क्षार मोजायचं मीटर दोन्हींत धरलं. बाहेरच्या पानांच्या पेल्यात आकडा तिप्पट.

"आप्पा, पानातल्या एकेका पेशीभोवती तेलकट पडदा असतो. टरबुजाचा थंडीनं तुपासारखा थिजतो, मग आतले क्षार बाहेर गळतात. गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत. वरून हिरवं दिसतं आणि उन्हात मरतं."

"मग कोबीला कावून व्हत न्हाई?"

"कोबीचा पडदा थंडीतही मऊ राहतो."

शहादेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं रोपं केली, आणि बोल लावला तो दुसऱ्याच्या हाताला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

चौकशी केली तर पीक गेल्यानं भिवराबाई नवऱ्यासोबत उशिरा का होईना ऊसतोडीला निघालेली. मांजरसुंब्याला ढाब्यापाशी ऊसतोड्यांच्या टोळीचा ट्रक सापडला. खाली उभ्या भिवराबाईसमोर शहादेव तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "चुकलं भाऊ. माझ्याच हातनं पाणी कमी पडलं आसंल."

शहादेवाला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं.

"न्हाई बाई," तो कसाबसा पुटपुटला. "रोपं मी मारली. थंडीत बाहेर ठिवली. तुमचा कायबी दोष न्हाई."

भिवराबाईनं ट्रकवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. रोपं मेल्यापासून पंधरा दिवस तो तिला त्यावरून येता-जाता टोचून बोलत होता.

"जरा मोठ्यानं सांगा, भाऊ," ती म्हणाली. "ह्येंला ऐकू जाऊ द्या."