पदरातली मूठ

चौसाळ्यात सोयाबीन विकायला आणणाऱ्याला गुंडप्पा आडत्यांच्या नाकाची धास्ती असायची. ओल मोजायचं यंत्र त्यांनी घेतलं होतं, पण ते कपाटावर धूळ खात पडलेलं. गुंडप्पा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, तळाची मूठ नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून खोल श्वास घ्यायचे. मग निकाल. "राधाकिशन, खालचा माल भिजलाय बे. वाळवून आण." राधाकिशन कुरकुरत पोतं उचलायचा, वाद मात्र घालायचा नाही.

त्याच गुंडप्पांच्या मानेत गाठी आल्या. तपासणीत लिम्फोमा निघाला, लसीका ग्रंथींचा कॅन्सर. संभाजीनगरला केमो सुरू झाली. दुसऱ्या डोसानंतर डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, शांतादेवींना, बजावलं, "यांच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात. आपल्याला जी बुरशी काही करत नाही, ती यांच्या फुप्फुसात घर करेल. दुकानाची पायरीसुद्धा चढू द्यायची नाही."

शांतादेवींनी हे अक्षरशः पाळलं, आणि तिथंच घात झाला. चपला लपवल्या, दुकान मुलाच्या, रविच्या, हाती दिलं. पण घरात माणूस झुरायला लागला. केस गेले त्याचं गुंडप्पांना काही वाटलं नाही. मालाचं कुणी विचारत नाही, हे मात्र जिव्हारी लागलं. जेवण तुटलं. "आता माजा काय उपेग हाय?" एवढंच म्हणायचे. शांतादेवींना ते बघवेना. रविचा डबा द्यायला गेल्या, तेव्हा येताना त्यांनी गुपचूप मूठभर सोयाबीन पदरात बांधून आणलं. पोती, धूळ, धोका सगळा दुकानात. ही तर एवढीशी मूठ, असं त्या भोळ्या जिवाला वाटलं.

गुंडप्पांनी मास्क खाली ओढला, डोळे मिटले, श्वास घेतला.

"कुबट मारतंय. तळाचं हाय न्हाई का?"

आणि हसले. त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली. मग रोज एक मूठ जायला लागली. चांगल्या मालात ओळखायचं ते काय? म्हणून शांतादेवी काळपट, बुरशी धरलेले दाणे मुद्दाम निवडून न्यायच्या.

पंधरा दिवसांनी ताप चढला, खोकल्यातून रक्त आलं. स्कॅनमध्ये फुप्फुसात बुरशी दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "धान्याजवळ गेला होता?"

शांतादेवी तोंड उघडणार, तोच गुंडप्पा धापा टाकत बोलले, "गेलतो. दुकानात. हिला चोरून."

मालाचा खोटा निकाल जन्मात न दिलेला माणूस बायकोसाठी खोटं बोलला. औषधं लगेच सुरू झाली, पण उशीर झाला होता. नवव्या दिवशी ते गेले.

मातीला गाव लोटलं. रवि रडत ज्याला त्याला सांगत होता, "आप्पांनी ऐकलंच न्हाई. दुकान सुटलं न्हाई त्यांचं." राधाकिशन मान हलवत होता.

बायकांत बसलेल्या शांतादेवी हे ऐकत होत्या. नवरा गेला तो गेला, वर त्याच्या माथी हा हट्टीपणाचा आळ. त्यांना ते सोसवलं नाही. त्या उठून रविपुढं उभ्या राहिल्या.

"ते कुटंच गेले न्हाईत रे. मीच आणून देत व्हते. रोज. सडकं निवडून."