वरून न दिसलेला धुरा

बुलढाणा जिल्हा मी शेकडो वेळा पाहिला होता, पण जमिनीवर पाय ठेवून एकदाही नाही. वीस वर्षं मी मुलांना एका इंजिनाची छोटी विमानं चालवायला शिकवली. या भागावरून जाताना त्यांना खुणा सांगायचो : आधी सिंदखेडराजाचा तलाव, मग समृद्धी महामार्गाची करडी रेघ, मग दुसरबीड. वरून गाव म्हणजे पत्र्यांची चमक आणि शेत म्हणजे एक चौकोन. या जानेवारीत जालन्याला रेल्वेतून उतरलो आणि त्या चौकोनांकडे पहिल्यांदाच एसटीने निघालो.

प्रवासाचं कारण आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, केतकी नावाची माझी विद्यार्थिनी एकटी विमान घेऊन निघाली आणि दुसरबीडजवळच्या एका शेतात विमान उलटून गेली. एकवीस वर्षांची होती. अहवालात वैमानिकाची चूक असं आलं. चूक तिची नव्हती, माझी होती, आणि ते मला एकट्याला माहीत होतं. तपासाला गेलेला एक सहकारी परत येऊन म्हणाला होता, की ज्याचं शेत तो माणूस स्वतःलाच दोष देत बसलाय. हे वाक्य मी दोन वर्षं उराशी घेऊन हिंडलो. शेवटी निघालो.

निघालो, तेही चुकीच्या गाडीने. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर कंडक्टर माझ्यापर्यंत आला.

"दुसरबीड? काका, हे गाडी चिखलीची हाय. पाटी नाही वाचली का? चश्मा तं चांगला भारी लावला!"

मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. मुलांना नकाशा वाचायला शिकवणारा मी देऊळगाव राजाला उतरलो. बालाजीच्या देवळापर्यंत चालत गेलो, चपला काढल्या, आणि पुन्हा घातल्या. आत जाऊन काय बोलणार होतो? स्टँडवर मिरचीची भजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं. सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जीपमध्ये अकरा जणांत बारावा बसलो. तिथून पुढे दुसरबीडची गाडी मिळाली. बाहेर तूर पिवळी पडत होती, हरभरा हिरवागार होता, वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या होत्या. शेताशेतात चढउतार होते, नाले होते, दगड होते. वरून हे सगळं सपाट दिसतं.

दुसरबीडला चहाच्या टपरीवर विचारलं, "ते विमान पडलं होतं, ते शेत कुठं?"

"तुम्ही बी पाहालेच आले का?" टपरीवाला हसत म्हणाला. "भगवानभाऊचं वावर. त्यानं हात दाखवला अन् विमान थांबलं, यष्टीवानी!"

बाकावरचा म्हातारा त्याच्यावर खेकसला. "गप बे. लेकरू गेलं त्यात, अन् तू दात काढून राह्यला." मग मला म्हणाला, "या रस्त्यानं सरळ जा. कडुलिंबाचं झाड दिसते, तेच."

अर्धा तास चाललो. भगवानभाऊ पन्नाशीचे, उंच, कमरेत थोडे वाकलेले. तुरीच्या पेंढ्या बांधत होते. बांधावर त्यांच्या पत्नी कमलाबाई तुरीचे सोले (हिरवे दाणे) काढत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, केतकीला शिकवायचो एवढंच म्हणालो. भगवानभाऊंनी पेंढी खाली ठेवली.

"या. बसा सावलीत." मग न विचारताच सांगू लागले. "तुमची विमानं इकडून लय खाली येत. शिकून राह्यले पोरं, आपण दुपट्टा हालवायचा. ते पंख हालवत. लेकरायची गंमत. त्या दिवशी मी फवारणी करून राह्यलो होतो. पाह्यलं तं विमान खाली आलं, आवाजच नाही त्याले. मले वाटलं खेळून राह्यली. मी दुपट्टा हालवला. अन् ते माह्याच वावराकडं वळलं." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला. "लोक म्हणते, तूच बोलावलं. मी नसता हालवला तं ती पुढं गेली असती. पुढं पडीक माळ होता."

खाली आलेल्या विमानांना गावकऱ्यांनी हात करायचा आणि मुलांनी पंख हलवून उत्तर द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ती मीच मुलांना लावली होती.

"धुरा दाखवतो," ते म्हणाले. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. गुडघ्याएवढा उंच, गवताने झाकलेला. सप्टेंबरात दोन्ही बाजूंनी सोयाबीन कमरेला लागलं असणार. वरून ते एकच सपाट हिरवं शेत दिसलं असणार. केतकीने उतरायला शेत निवडलं ते अगदी शिकवल्याप्रमाणे. चाकं या धुऱ्याला लागली.

"सोल्याची भाजी केली हाय, भाकर टाकते," कमलाबाई म्हणाल्या. "जेवूनच जा भाऊ."

त्यांचं अन्न तोंडात जाण्याआधी बोलायला हवं होतं. मी उभ्या उभ्याच बोललो.

आदल्या रात्री पाऊस झाला होता, विमानं उघड्यावर होती. अशा वेळी टाकीत पाणी शिरतं. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक टाकीच्या तळातून काचेच्या नळीत थोडं इंधन काढून बघायचं; पाणी असलं तर ते खाली बसलेलं दिसतं. त्या सकाळी उजवी टाकी मी बघितली. डावी बघायच्या आधी मला कुणीतरी हाक मारली. परत आलो तेव्हा केतकी स्वतः नळी घेऊन बघायला निघाली होती. मी म्हणालो, झालंय माझं सगळं, ढग चढायच्या आत नीघ. अर्ध्या वाटेवर नेहमीप्रमाणे तिने इंजिन डाव्या टाकीवर घेतलं असणार, त्यातलं पाणी इंजिनात गेलं आणि ते बंद पडलं. टाकी फुटून इंधन वावरात सांडलं, संध्याकाळी पुन्हा पाऊस झाला, पुरावा राहिला नाही. मी जबाबात लिहिलं, दोन्ही टाक्या तपासल्या होत्या.

"तुम्ही दुपट्टा हलवला तेव्हा इंजिन आधीच बंद होतं, भाऊ. ती कुठंतरी उतरणारच होती; सपाट दिसलं म्हणून तिनं हे शेत निवडलं. तुमच्यामुळं काही झालं नाही."

भगवानभाऊंनी दुपट्टा खांद्यावर टाकला. मग धुऱ्यावरून पार शेताच्या टोकापर्यंत चालत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. कमलाबाईंच्या मांडीवरचे सोले खाली सांडले होते.

"दोन साल झाले, हा माणूस गावात चहा प्यायले बसत नाही," त्या म्हणाल्या. "अन् तुम्हाले ठाऊक होतं."

"हो."

भगवानभाऊ परत आले तेव्हा मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तिच्या मायले सांगितलं का?"

"नाही."

"काऊन?"

मी खाली सांडलेले सोले वेचू लागलो.

"ती माय दर साली येते इथं. या धुऱ्यावर बसते. जाताना हिच्या पाया पडते. म्हणते, माह्या पोरीचं चुकलं, तुमचं पीक नासलं, माफ करा." त्यांनी धुऱ्याकडे हात केला. "मास्तरीण बाई हाय हो ती. आमच्यासारख्यायच्या पाया पडते. अन् तुम्ही मले सांगाले आले? मी कोण? मले सांगणं सोपं होतं म्हणून आले तुम्ही."

ते खरं होतं. दोन दिवसांची रजा टाकून मी सोप्या दारात आलो होतो.

कमलाबाईंनी तरीही ताट वाढलं. भाकरी, सोल्याची भाजी, ठेचा. भगवानभाऊ समोर बसले, पण जेवले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "जासान ना तिच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी जालना स्टेशनवर मी घराकडचं तिकीट काढलं नाही, नाशिकचं काढलं. केतकीच्या आईने दार उघडलं, मला ओळखलं, पाणी दिलं. त्यांना मी सगळं सांगितलं, आणि भगवानभाऊंना जे सांगायची हिंमत झाली नव्हती तेही सांगितलं : निघताना केतकीने मला विचारलं होतं, "सर, दोन्ही बघितल्या ना?" मी हो म्हणालो होतो.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिनं विचारलं होतं."

"हो."

"पुन्हा सांगा. कसं विचारलं?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते तीनदा सांगायला लावलं, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं. मग उठून दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे लिहून द्या. जिथं द्यायचं तिथं द्या. आणि परत येऊ नका."

घरी आलो त्याच दिवशी नवा जबाब लिहून पाठवला. आता विमान पुन्हा हाती येणार नाही, आणखीही काही होईल, ते होऊ दे. भगवानभाऊ चहाला बसू लागले का, हे मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मला नाही.