मायच्या नावाची दहा घरं

ये वं, जवळ ये. अजून जवळ. इतक्या लांबून मी बोलणार नाही, माझा घसा आता तेवढा राहिला नाही. आणि आधी थोडी बोलणी खा. मागल्या खेपेस आली तेव्हा मांडीवर लॅपटॉप घेऊन चौकटी काढत बसली होती. मी विचारलं, काय करून राहिली? तर म्हणाली, "डेटा मॉडेल आहे आजी, तुले नाही समजणार." नाही समजणार! तू चहा आणाले उठली तेव्हा मी चष्मा लावून पाहून घेतलं. एका ओळीत नाव, पुढे लिहिलेलं की अक्षरं, अमुक इतकीच. खाली जन्मतारीख, पुढे लिहिलेलं की रिकामी चालणार नाही. अगं, हेच काम मी तुझी आई तिसरीत होती तेव्हा केलं आहे, पेन्सिल आणि खोडरबरानं. आणि त्यात एका माणसाची नोकरी माझ्या हातून जाता जाता राहिली. राहिली म्हणून सांगते. गेली असती तर हा विषय मी कधीच काढला नसता.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी कामगारांची कार्डं सांभाळायची. शिक्षण मॅट्रिक, तेही लग्नानंतर घरी बसून केलेलं. टायपिंग शेजारणीच्या मशीनवर शिकली, तिची भाजी निवडून देण्याच्या बोलीवर. जरीपटक्याहून कंपनीची बस सकाळी निघे, आणि आठ वाजता मी लाकडी कपाटासमोर. प्रत्येक कामगाराचं एक जाड पिवळं कार्ड. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, डिपार्टमेंट, टोकन नंबर. कोणाचं कार्ड कोणत्या खणात, हे मी डोळे मिटून सांगायची.

मग एक दिवस वरून हुकूम आला की ही सगळी कार्डं कंप्युटरमध्ये घाला. कंप्युटर आमच्याकडे नव्हता. तो शहरात, दुसऱ्याच कोणाच्या जागेत, थंड खोलीत होता. आमच्याकडे फक्त कागद आले आणि ते कागद घेऊन पुण्याहून एक मॅडम आल्या. तिशीही नसेल. सुती साडी, खांद्याला झोळी, आणि मले पहिल्या दिवसापासून ताई. कागदावर एका ओळीत लहान लहान ऐंशी घरं आखलेली. एका माणसाची एक ओळ, एका घरात एक इंग्रजी अक्षर नाही तर एक आकडा.

मॅडम म्हणाल्या, "ताई, मशीन फार आज्ञाधारक असतं आणि फार मठ्ठ असतं. कुठल्या रकान्यात अक्षरं, कुठल्यात आकडे, हे आपण आधी ठरवून द्यायचं. आणि काय आलं तर घ्यायचं नाही, तेही."

मले तर हे फारच आवडलं. घरात सुनेले असे नियम ठरवू देते कोण! आम्ही दोघी बसून ठरवाले लागलो. तिन्ही नावांना मिळून चाळीस घरं. तारखेले सहा, फक्त आकडे. महिन्याच्या जागी बाराच्या वर काही आलं तर परत. तारीख रिकामी असली तरी परत. एक दहा घरांचा रकाना छंदाचा होता. हेड ऑफिसच्या कोण्या साहेबाले कामगारांचे छंद हवे होते. आमच्या लोकांनी काय लिहून द्यावं? पुष्कळांनी लिहिलं, शेती. एकानं लिहिलं, "छंद नाही, लग्न झालं आहे." मॅडम हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसल्या.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कार्डांमध्ये नेहमीची चूक कोणती होते?"

मी लगेच सांगितलं. माणूस एका डिपार्टमेंटमधून दुसरीकडे गेला की नवा टोकन नंबर, नवं कार्ड, आणि जुनं कार्ड काढाचं राहून जाते. एका माणसाची दोन कार्डं. म्हटलं, नियम करा मॅडम. तिन्ही नावं आणि जन्मतारीख जुळली, तर तो एकच माणूस. दुसरी ओळ घेऊ नका.

"छान नियम आहे," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतला.

मी घरी गेली ती हवेत. पोळ्या लाटता लाटता तुझ्या आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता मशीनही तुझंच ऐकणार?" म्हटलं, ऐकणारच.

कागद भरले, शहरात गेले, आणि बुधवारी मशीननं परत केलेल्यांची यादी आली. बहुतेक गमतीच्या चुका. कोणाचा महिना तेरावा, कोणाच्या नावात आकडा. तीन माणसं खरोखरच दोनदा आली होती, माझ्या नियमानं पकडली. आणि चौथं नाव प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबाच्या खात्यातल्या, खापा गावच्या एका माणसाचं. पुढे शिक्का, दुबार.

हा माणूस सहा वर्षं टेम्पररी होता. दरवर्षी थोड्या दिवसांसाठी कामावरून काढत, पुन्हा घेत. त्या वर्षी त्याचा परमनंट होण्याचा नंबर लागला होता. परमनंटची यादी शनिवारी हेड ऑफिसले जाणार, आणि हेड ऑफिस मशीननं छापलेलीच यादी घेणार, हातानं लिहिलेली नाही. यादीत नाव नाही तर नोकरी नाही. वरून आमचे साहेब म्हणाले, "एकाच माणसाचं नाव दोनदा म्हणजे दोन हजेऱ्या, दोन पगार. चोर दिसतो. उद्यापासून गेटवर अडवा."

दुपारच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. उंच, काटकुळा, मिशा मोठ्या.

"बाई, मी दोन हाओ म्हणते साहेब."

"म्हणतात खरं."

"मी एकच हाओ न बाई. दोन असतो तर एक घरी झोपला नसता काय?"

मले हसाले आलं आणि रडालेही. मी खण ओढला आणि दुसरं कार्ड काढलं. स्टोअर डिपार्टमेंट. तेच नाव, बापाचंही तेच, आडनाव तेच. जन्मतारीख एक जुलै, वर्ष तेच. पण स्टोअरमधल्या त्या माणसाले मी रोज पाहायची! बुटका, गोल, टक्कल पडलेला, काटोलकडचा. दोन वेगळी माणसं, आणि माझ्या नियमानं त्यांचा एक करून टाकला होता.

आता तू म्हणशील, तारीख सारखी कशी? अगं, तेव्हा माय पोराले हाताशी धरून शाळेत न्यायची. गुरुजी विचारत, कधीचा जन्म? ती म्हणे, पोळा होऊन गेला होता, म्हैस व्यायली त्याच्या आधी. गुरुजी काय लिहिणार? शाळा उघडते जुलैत, तर पोरगं पहिलीत बसेल असं वर्ष धराचं आणि पुढे एक जुलै ठोकून द्याचं. मी सगळे खण उपसले. खेड्यातून आलेल्या निम्म्यांची तारीख एक जुलै! आणि सगळ्यात वाईट काय सांगू, माझी स्वतःची कागदावरची तारीख एक जुलैच आहे. मी घातलेला नियम, आणि मलेच सुचू नये!

गुरुवारी त्याले गेटवरून बोलावून घेतलं आणि दोघांनाही साहेबांपुढे उभं केलं. एक उंच, एक बुटका. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, दोन आहेत. पण मशीनले कसं दाखवाचं?" मग त्यांनाच सुचलं, "सोपं आहे. याची तारीख दोन जुलै करा."

प्रेस शॉपवाला तयारच होता. "दोन करा बाई, तीन करा. मले काय फरक पडते?"

मी म्हटलं, "नाही. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर एक आहे. आज आम्ही दोन लिहू, उद्या रिटायर होताना कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर पुन्हा तूच खोटा." साहेबांपुढे मी असं कधी बोलली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "नियम काढूनही चालणार नाही. मग ती तीन दुबार माणसं परत घुसतील. या दोघांत वेगळं असलेलं, पण कधी न बदलणारं काहीतरी हवं, ताई."

टोकन बदलते. डिपार्टमेंट बदलते. गाव लिहाले जागाच नव्हती. मी त्या दोघांकडे पाहत बसली. बापाचं नाव एक, पण बाप तर दोन होते. आणि माय? मायची तर कोणी कुठे विचारपूसच केली नव्हती, ना कार्डावर, ना त्या कागदावर.

"मायचं नाव घ्या," मी म्हटलं.

"जागा नाही ताई. ऐंशीच्या ऐंशी घरं भरली."

"छंद काढून टाका."

मॅडमनी एकदा साहेबांकडे पाहिलं, आणि खोडरबर उचललं. दहा घरं मोकळी. पण बाकी शेकडो कामगारांना आता मायचं नाव विचारत कधी फिरणार? मग मीच म्हटलं, हा रकाना रिकामा चालू द्या. फक्त नाव आणि तारीख दोन्ही जुळली, तरच मशीननं मायचं नाव मागाचं. तेही जुळलं, किंवा नसलंच, तर परत. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही कुठे शिकलात?" आता काय सांगू कुठे शिकली!

स्टोअरवाल्यानं नाव चटकन सांगितलं. प्रेस शॉपवाल्याले विचारलं तर तो हातातली टोपी फिरवाले लागला.

"अरे, मायचं नाव?"

"माय."

"माय तर सगळ्यांचीच माय. नाव काय?"

त्याचा चेहरा लाल झाला. "घरात सगळे मायच म्हणते बाई. गावात म्हणते अमक्याची माय. बाप असता तर... नाही, बापही नाव नाही घ्याचा."

त्या संध्याकाळी तो खाप्याची गाडी पकडून गेला. मले घरी चैन पडेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. डोक्यात एकच, या मायचंही नाव तेच निघालं तर? आमच्याकडे त्या वयाच्या बायांची नावं मोजकीच, चार हाका मारल्या तर गल्लीतल्या निम्म्या बाया ओ देतील.

शुक्रवारी सकाळी तो गेटवरच उभा होता. अडवाचा हुकूम अजून उठला नव्हता, गेटवाला आत सोडेना, म्हणून बाहेरूनच ओरडला, "बाई, सापडलं!" आणि नाव सांगितलं. वेगळं! पार वेगळं! मी त्या गेटचा गज धरून उभी राहिली, आणि जीव असा भांड्यात पडला की गेटवाल्यानं पाणी आणून दिलं.

"सांगत नव्हती बाई," तो म्हणाला. "म्हणे माह्यं नाव कंपनीले कायले पाह्यजे? मी काय केलं? मग म्हणे, माहेरचं सांगू का सासरचं? लग्नात बदललं होतं तिचं. मी म्हटलं, तुले आवडते ते सांग. तर माहेरचं सांगितलं."

ते नाव मी माझ्या हातानं घरांत भरलं. दहांतली नऊ घरं लागली. मॅडम तो कागद झोळीत घालून शहरात गेल्या, आणि शनिवारी अकराच्या सुमारास छापील यादी घेऊन आल्या. भोकाभोकांची पट्टी असलेला लांब कागद. मी बोट ठेवून खाली खाली गेली. दोघंही होते, एकाखाली एक. साहेबांनी सही केली आणि पाकीट गेलं. मी जागेवर बसली आणि डबा उघडला, तेव्हा लक्षात आलं की दोन दिवसांत मी नीट जेवलीच नव्हती.

सोमवारी तो प्रेस शॉपमध्ये जाताना माझ्या टेबलाशी थांबला. परमनंट झाल्याचं काही बोलला नाही. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, मायनं निरोप देला. म्हणते, लग्न झाल्यापासून त्या नावानं मले कोणी हाक मारली नाही. जिनं ते लिहिलं त्या बाईले म्हण, माह्यानं आता गाडीत बसवत नाही, तूच ये. मले ऐकू येते तोवर ये, आणि दारातून नाव घेऊन हाक मार. लवकर ये."