कवटीबाहेरचं दुखणं

बाबांच्या मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली तेव्हा मी भूलतज्ज्ञ व्हायचं शिक्षण घेत होते. बडोद्यात तेव्हा नवी खाजगी इस्पितळं निघत होती. त्यातल्याच एकात ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण काढली गेली, पण शुद्धीवर आल्यापासून बाबा पलंगाची दांडी धरून कण्हत राहिले. कचेरीत उभी हयात घालवलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस "मारून टाका मला" म्हणत होता.

मी सर्जनना जिन्यात गाठलं.

"मेंदूला दुखत नसतं, बेन. एटलुंय खबर नथी?" एवढंही ठाऊक नाही का, म्हणून ते हसले. "जास्त औषध दिलं तर गुंगीत राहतील, मग तपासायचं कसं?"

गुंगीचं खरं होतं. पण दुखते ती कापलेली कातडी आणि खालचे स्नायू. जिन्यातच ठरवलं, या हसण्याचं उट्टं काढायचं.

पुढे मी डोक्याच्या कातडीचा ब्लॉक शिकले. भुवईवर, कानशिलाशी, कानामागे, डोक्याच्या मागच्या बाजूला नसांजवळ बधिर करायचं औषध सोडायचं. ऑपरेशननंतर रुग्ण गुंगीत राहत नाही आणि जखमही ठणकत नाही. मग मुद्दाम त्याच इस्पितळात नोकरी धरली. माझ्या सुया दिसल्या की तेच सर्जनसाहेब सगळ्यांदेखत म्हणायचे, "टाइम बगाडे छे." वेळ फुकट घालवते, हा टोमणा मी ऐकून घ्यायचे.

काही वर्षांनी त्यांच्याच डोक्यात तशी गाठ निघाली. टेबलावर झोपल्यावर, भूल द्यायच्या आधी ते पुटपुटले, "बेन, तमारो ब्लॉक..."

"ऐकू नाही आलं, साहेब."

"ब्लॉक द्या."

"कशासाठी?"

नर्सचे हात थांबले. ज्युनिअर सगळे ऐकत होते.

"दुखू नये म्हणून," ते म्हणाले. "बहु दुखे छे. मने खबर छे."

म्हणजे ठाऊक होतं! तेव्हाही ठाऊक होतं! क्षणभर वाटलं, सुई ट्रेमध्ये ठेवून द्यावी. पण मला त्यांचं कण्हणं नको होतं. जन्मभर माझे उपकार बोचत राहावेत, एवढंच हवं होतं. मी एकही नस सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते उशीला टेकून चहा पीत होते. मला बघून त्यांनी हात जोडले. मी नाडी पाहिली आणि बाहेर पडले. इतका गोड दिवस माझ्या नोकरीत दुसरा आला नाही.

घरी बाबांना सगळं रंगवून सांगितलं.

"म्हणजे त्यांना त्रास नाही झाला?"

"अजिबात नाही."

"बरं झालं," म्हणून त्यांनी पेपर उघडला. मला त्यांचाही राग आला.