बाबांचं जोतं, साहेबांची प्लिंथ

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आचऱ्याला आमच्या शाळेची नवी इमारत बांधायला घेतली. मी त्याच शाळेत शिकवत होते आणि बांधकामाचे मेस्त्री होते माझे बाबा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांनी रचलेली चिऱ्याची भिंत लोक लांबून ओळखत.

देखरेखीला शहरातून एक तरुण ओव्हरसियर आले. पहिल्याच सकाळी हेडमास्तरांसमोर आणि माझ्यासमोर नकाशा पसरून त्यांनी बाबांना विचारलं, "प्लिंथ किती, सिल कुठे, लिंटेल कुठे, सगळं समजलं ना?"

बाबांनी नकाशावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

साहेब हेडमास्तरांकडे वळले. "यांना साधे शब्द माहीत नाहीत. दुसरा मेस्त्री बघायला हवा."

मला बाबांची लाज वाटली, हे आज कबूल करते. क्षणभरानं स्वतःचीच वाटली आणि मी पुढे झाले.

"बाबा, प्लिंथ म्हणजे जोतं. सिल म्हणजे खिडकीची खालची कड. लिंटेल म्हणजे खिडकीच्या डोक्यावरची आडवी तुळई, तिच्यावर वरची भिंत बसते."

"मगे तसा सांगा ना, सायबानू!" बाबा हसले. "नावां माका येत नाय. काम येता."

हेडमास्तरांनी शब्द टाकला आणि बाबा राहिले. जोतं झालं, भिंती चढल्या. लिंटेल जमिनीवरच ओतून मग वर चढवायचे होते. साचे तयार झाले, सिमेंट कालवायची वेळ आली आणि बाबांनी गड्यांना थांबवलं. साचा टेपानं नाही, हातानं मोजला. मग खिडकीची रुंदी मोजली.

"सायबानू, खिडकी तुमी मागसून रुंद केलास. पण लिंटेल होतो तितकोच रवलो. दोनय बाजूंक येक वीत तरी भिंतीर बसाक व्हयो. हो चारच बोटां बसतलो. भिंतीचो भार कसो घेतलो?"

साहेबांनी नकाशा उघडला. खिडकीचं माप खोडून नवं घातलेलं होतं, लिंटेलचं जुनंच होतं. त्यांचे कान लाल झाले. पण माणूस सरळ होता. सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, "मेस्त्री, चूक माझी. साचे मोठे करा."

त्या दुपारी ते बाबांच्या शेजारी चिऱ्यावर बसले आणि वही काढली. "भिंत सरळ आहे का ते बघायच्या या दोरीच्या वजनाला आम्ही प्लम्ब बॉब म्हणतो, तुम्ही?"

"ओळंबो."

"आणि एका थरातला सांधा वरच्या थरातल्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, त्याला?"

"सांधमोड." बाबांनी तीन चिरे मांडून दाखवलंसुद्धा.

पुढच्या खोल्यांचा नकाशा आला, तेव्हा प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली साहेबांच्या सुबक अक्षरात बाबांनी सांगितलेला मराठी शब्द होता. बाबांनी तो नकाशा एका संध्याकाळसाठी मागून घरी आणला, आईला चुलीजवळून उठवून पडवीत बसवलं आणि मला म्हणाले, "वाच गो बाय. सावकाश वाच."

मी वाचत गेले. जोतं, ओळंबा, सांधमोड. आईला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. ती बाबांच्या तोंडाकडे पाहत होती. मी थांबले तसे बाबा म्हणाले, "परत येकदा."