ओट्याखालचं पाणी

मला स्वप्नं पडत नाहीत. झोप विश्रांतीसाठी असते. तिथं काही बघत बसायला मला वेळ नसतो. आयुष्यात एकदाच एक स्वप्न पडलं, ते मी चारचौघींत सांगितलं आणि त्यात माझा स्वयंपाकाचा ओटा गेला.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. यांची (म्हणजे माझ्या नवऱ्याची) बदली नव्या कचेरीत झाली आणि गावाबाहेरच्या वसाहतीत आम्ही दोन खोल्या बांधल्या. नव्या जिल्ह्याला पाटी होती, शिक्के होते, खुर्च्यासुद्धा होत्या. पाणी तेवढं नव्हतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. टँकर आला की बायका अशा भांडायच्या की भरलेल्या घागरी लवंडायच्या, आणि मग सांडलेल्या पाण्यावरून दुसरं भांडण लागायचं.

याला काहीतरी उपाय हवा म्हणून मी आमच्या दारातल्या लिंबाखाली 'मोकळी दुपार' सुरू केली. टँकर गेला की सगळ्यांनी जमायचं, एकच मोठी गोधडी मधे अंथरून चारी बाजूंनी टाके घालायचे आणि मनात असेल ते बोलायचं. नियम मीच केले. कुणी सांगत असेल तर हसायचं नाही, खोटं म्हणायचं नाही आणि एकदा सांगितलेलं मागं घ्यायचं नाही. (हे नियम करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.)

पहिले काही दिवस सगळ्या आपापल्या सासूबद्दल मोकळेपणानं बोलल्या. माझी सासू समोरच्याच काठाला टाके घालत बसलेली असल्यामुळं मी टाक्यांकडं लक्ष दिलं. तो विषय संपल्यावर स्वप्नं निघाली. वर लिंबाची सावली हलायची, बोटं आपोआप चालायची, आवाज हळू व्हायचे आणि एकेक बाई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सांगत जायची. शेजारच्या गयाबाईंच्या स्वप्नात नदी उंबऱ्यापर्यंत येऊन विचारायची, आत येऊ का? कुणाच्या पदरात मासे यायचे. सगळ्यांची स्वप्नं ओली होती. मी एकटीच कोरडी.

आणि मग ते स्वप्न पडलं. तो ओटा मला किती वर्षांनी मिळाला होता, हे आधी सांगायला हवं. लग्न झाल्यापासून मी उकिडवं बसून भाकरी थापल्या. नव्या घरात मी एकच गोष्ट मागितली होती: उभ्यानं स्वयंपाक करायला काळ्या कडप्प्याचा ओटा. दिवसातून दोनदा मी तो कोरड्या फडक्यानं पुसायची. पाहुण्यांना चहाच्या आधी ओटा दाखवायची.

"माझ्या ओट्याखालून पाणी येत होतं," मी त्या दुपारी सांगितलं. "आवाज न करता. निळसर, गार पाणी. भांडी एकेक करून तरंगत दाराबाहेर निघाली. पुढं पातेलं, मागं वाट्या. मी ओट्यावर पाय सोडून बसले होते, आणि कुणी मला काहीच मागत नव्हतं."

सगळ्यांच्या सुया थांबल्या.

"कुठून म्हणलीस? ओट्याखालून?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वप्नात हो, आत्या."

"मग काय जागेपणी पडतंय का सपान?"

"या बाईनं आजवर उगं काही म्हणलंय का?" गयाबाई म्हणाल्या. "टँकर येत न्हाई म्हणल्या की येतच न्हाई."

मी आशेनं संघमित्राताईंकडं बघितलं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स. पूजा नाही, नवस नाही, सगळं तपासून घेणाऱ्या. "ताई, तुम्ही तरी सांगा यांना."

"माझा स्वप्नांवर विश्वास नाही," त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. "पण जिला कधीच स्वप्न पडत नाही तिला एक पडतं, म्हणजे तपासून बघायला पाहिजे."

सासूबाईंनी तळहातावर आडवा नारळ घेतला. जमिनीत पाणी असलं की नारळ हातावर उभा राहतो, ही त्यांच्या माहेरची रीत. त्या अंगणभर फिरल्या, नारळ झोपलेला. पुढच्या खोलीत झोपलेला. ओट्यापाशी आल्या आणि नारळ उठून बसला.

"आत्या, तुमचा हात हलला."

"खोटं म्हणायचं न्हाई, हा नियम कुणाचा गं?"

संध्याकाळी हे आले. या माणसानं आजवर कुठलाही निर्णय त्याच दिवशी घेतलेला नव्हता, त्यामुळं माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

"माय काय म्हणतीय?" त्यांनी विचारलं.

"ओटा फोडून खणायचं म्हणतात."

"आणि तू?"

"मी नको म्हणते."

"बरं," हे म्हणाले आणि सदरा काढून पहार शोधायला गेले.

कडप्पा पहिल्याच घावाला गेला. मी तोंड फिरवून उभी राहिले. मागं माझी अख्खी 'मोकळी दुपार' रांगेत उभी राहून घमेली पुढं सरकवत होती. टँकरच्या रांगेत एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या या बायका, पण इथं कुणाचं घमेलं कुणाला लागलं नाही. खड्डा कमरेइतका झाला आणि आतून हे हळूच म्हणाले, "ओल लागली."

एकेकीनं चिमूटभर ओली माती घेतली. गयाबाईंनी ती गालाला लावली. सासूबाईंनी खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं. तो वास घरभर पसरला आणि मीसुद्धा, खरं सांगते, ओटा विसरले. डोळ्यांपुढं दारात हातपंप दिसला, त्याखाली घागर, कडेला पुदिना. किती वेळ गेला कळलं नाही.

मग संघमित्राताईंनी मातीची मूठ नाकाशी नेली.

"हिला साबणाचा वास का येतोय?"

ओट्याशेजारीच आमची मोरी. तिचा नळा गवंड्यानं बसवतानाच फोडून ठेवला होता. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं पाणी झाडाला असं साऱ्या वसाहतीला शिकवणारी मी घर बांधल्यापासून ओट्याखालची जमीन भिजवत होते.

"पाणी निघालं का न्हाई?" सासूबाई म्हणाल्या. "सपान खरंच होतं."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. नळा बदलला, खड्डा बघितला आणि म्हणाला, "ओटा बांधून देतो की. सिमेंट कालवायला पाणी कुठंय?"

पाऊस पडेस्तोवर मी पुन्हा खाली बसले. खड्ड्यातून गारवा येतो म्हणून 'मोकळी दुपार' लिंबाखालून माझ्या स्वयंपाकघरात आली. बायका खड्ड्याभोवती गोधडी पसरून बसत. मी एका कोपऱ्यात भाकरी थापी. एके दिवशी स्वप्न सांगायची पाळी माझ्यावर आली.

"मला ओटा दिसतो," मी डोळे उघडे ठेवूनच सांगितलं. "काळा, गुळगुळीत. कमरेइतका उंच. मी उभी आहे आणि माझे गुडघे दुखत नाहीत."

सुया थांबल्या. सगळ्यांचे डोळे पाणावले.

"लई गोड सपान हाय गं," सासूबाई म्हणाल्या.

पहार तिथंच भिंतीला टेकून होती. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांनी दोरे ओवले, आणि सासूबाईंनी मला विचारलं, "भाकऱ्या झाल्या का?"